गोले का मंदिर, पावणेदोन

मुलगी कडेवर असताना कुलूप लावायचं कसं,
हे सात महिन्यांत जमलेलं नाही.
खांद्यावर तिची पिशवी, काखेत माझा डबा,
किल्ली दातांत.
बाहेर जानेवारीचं धुकं,
दुपारचा एक वाजला तरी उठायचं नाव घेत नाही,
जेवून बसलेल्या पाहुण्यासारखं.

दोन झबली, स्वेटर, कानटोपी, वरून शाल.
मुलगी आत कुठंतरी आहे.
बाड्यावरनं टेम्पोवाला ओरडत येतो,
"पड़ाव, टेसन, गोले का मंदर!"
आणि आम्हाला बघून हळू होतो.
एरवी हा लाल दिव्यालाही हळू होत नाही.

सहांच्या जागेत नऊ बसलेले. मी दहावा.
तिचं भाडं लागत नाही,
जागा मात्र ती दोघांची घेते
आणि कुणी कुरकुरत नाही.

फूलबाग यायच्या आत प्रश्न येतोच.
"इसकी मम्मी कहाँ है?"
आवाज असा, जणू मी आता रडणार
आणि काकूंनी रुमाल काढून ठेवलाय.
"काम पे."
"और आप?"
"मैं भी काम पे ही जा रहा हूँ."
मग सगळा टेम्पो थोडा वेळ हिशेब करत बसतो.
"टोपा नीचे करो, हवा लग रही है."
"अरे ऊपर करो, दम घुटेगा बच्ची का."
मी दोन्ही करतो.
नाव विचारतात. वल्लरी, मी दोनदा सांगतो.
ऋजुतानं तीन रात्री जागून शोधलेलं नाव,
पडावाचा पूल चढेस्तोवर
बल्लो झालेलं असतं.

आज समोर एकजण गुडघ्यांत आरसा धरून बसलेला,
कपाटाचा असावा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कोपऱ्यात कागद फाटलेला.
त्या फटीत बल्लोला एक बाळ दिसलं.
कानटोपीवालं,
उलट्या बाजूला निघालेलं.
तिनं शालीतून हात काढला. त्यानंही काढला.
ती पुढं झुकली, काचेला नाक टेकवलं,
आणि तिच्याच श्वासानं ते बाळ
धुक्यात गेलं.
ओठ वाकडा झाला. आता भोंगा, मी म्हटलं.
त्या माणसानं कोपरानं काच पुसून दिली.
पुन्हा श्वास. पुन्हा धुकं. पुन्हा कोपर.
बोलला काहीच नाही,
स्टेशन येईपर्यंत एवढंच काम करत राहिला,
पगारी असल्यासारखं.
उतरताना टेम्पोवाला म्हणाला,
"भैया, तुम्हें तो पड़ाव उतरना था."
"हाँ," तो म्हणाला, "सीसा साफ हो गया."
आणि आरसा डोक्यावर घेऊन
आल्या रस्त्यानं मागं चालू लागला.

पावणेदोन. चौकात ऋजुता उभी,
हातांना लॅबच्या स्पिरिटचा वास.
चार मिनिटं. जागेपणीची दिवसभरातली
आमच्या दोघांची एवढीच.
दूध साडेबाराला झालं, झोप नाही झाली,
शी एकदा, मोजा एक पडला बहुतेक.
गॅस बंद केलास?
केला.
नक्की?
मुलगी तिच्याकडे जाते, वळूनसुद्धा न बघता,
पाणी उताराला जातं तशी.
आरशाचं सांगायचं राहून जातं.
त्यांचा टेम्पो लश्करकडे, माझी बस मालनपूरला,
अडीचची शिफ्ट.

खिडकीची जागा मिळते.
दोन्ही हात मोकळे, आणि त्यांचं काय करायचं
ते आठवत नाही.
मांडीवर डबा.
फाटकाशी बस थांबते, इंजीन बंद होतं,
तरी माझा गुडघा वर खाली, वर खाली.
शेजारचा बराच वेळ बघून विचारतो,
"ठंड लग रही है?"
"हाँ," मी म्हणतो,
आणि डब्याला थोपटत राहतो.